ईस्टरच्या बिस्किटांवरील साखरनक्षी

गुड फ्रायडेचा शोकमग्न दिवस आणि ईस्टरचा आनंदाचा रविवार यांच्यामध्ये एक शनिवार येतो. रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत चर्चमध्ये शांतता असते. अनेक ख्रिस्ती घरांतील स्वयंपाकघरे मात्र त्या दिवशी गजबजलेली असतात. अमेरिका, ब्रिटन किंवा चेक प्रजासत्ताकातील एखाद्या घरात त्या दुपारी डोकावले, तर टेबलावर जाळ्यांवर ओळीने मांडलेली बिस्किटे दिसण्याचा संभव मोठा. कुणी अंड्याच्या आकाराचे, कुणी सशाच्या, कुणी कोकराच्या, तर कुणी कोंबडीच्या पिल्लाच्या. त्यांच्या अंगावर फिकट पिवळ्या, गुलाबी, आकाशी रंगाचा साखरेचा थर चढवलेला असतो आणि तो अद्याप ओला असतो. घरातील मुलांना त्या टेबलाजवळ फिरकण्याची मनाई असते. या मनाईमागे शिस्तीपेक्षा रसायनशास्त्र अधिक आहे.

‘आयस्ड शुगर कुकी’ या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ म्हणजे मैदा, लोणी, साखर आणि अंडे यांचे सपाट बिस्किट व त्यावर पिठीसाखर आणि अंड्याचा पांढरा बलक यांच्या लेपाने केलेले नक्षीकाम. बिस्किट भट्टीत जाते. लेप जात नाही. तो केवळ हवेवर वाळतो. या पदार्थाचे सारे सौंदर्य त्या न भाजलेल्या थरात आहे आणि त्यातील साऱ्या अडचणी व धोकेही त्याच थरात आहेत. गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्यातही घरगुती बेकरांकडून अशी बिस्किटे मोठ्या प्रमाणावर मागवली जाऊ लागली आहेत. त्यामुळे त्यांचे हे अंतरंग समजून घेणे केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही.

उपवास, अंडी आणि ससा

ईस्टर आणि अंडे यांचे नाते प्रतीकाचे आहे, तसेच ते हिशेबाचेही आहे. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. कोंबड्यांना अर्थातच उपवास ठाऊक नव्हता. परिणामी ईस्टर उजाडेपर्यंत घरोघरी अंडी साठत आणि सणाच्या दिवशी ती रंगवून वाटली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या खर्चाच्या नोंदींत ईस्टरसाठी साडेचारशे अंडी अठरा पेन्सला घेतल्याचा उल्लेख आढळतो. त्यांतील काहींना सोन्याचा वर्ख लावून ती राजपरिवारात भेट म्हणून देण्यात आली होती.

सशाचा प्रवेश त्या मानाने उशिरा झाला. अंडी आणून बागेत लपवून ठेवणाऱ्या ‘ईस्टरच्या सशा’ची लोकसमजूत जर्मनभाषक प्रदेशातली. गेओर्ग फ्रांक फोन फ्रांकेनाऊ या जर्मन वैद्याने १६८२ साली ईस्टरच्या अंड्यांवर लिहिलेल्या लॅटिन निबंधात तिची नोंद केली. अशी अंडी अतोनात खाल्ल्याने होणाऱ्या पोटदुखीबद्दलही त्याने बजावले होते, ही गोष्ट आजच्या पालकांना विशेष जवळची वाटावी. अठराव्या शतकात पेनसिल्वेनियात जाऊन वसलेल्या जर्मन कुटुंबांनी हा ससा अमेरिकेत नेला. त्यांच्यातल्या कारागिरांनी पत्र्याचे बिस्किटांचे साचे घडवले. साध्या साखरेच्या कुकीचे मूळही परंपरेने त्याच प्रांतातील नाझरेथ या गावी, तेथील मोराव्हियन पंथीयांच्या स्वयंपाकघरात सांगितले जाते. ‘कुकी’ हा शब्द मात्र जर्मनांचा नव्हे. छोटा केक या अर्थाच्या डच शब्दावरून तो अमेरिकी इंग्रजीत आला.

इंग्लंडमध्ये ईस्टरचे बिस्किट वेगळे असते. त्यात मनुकांसारख्या बारीक काळ्या द्राक्षांचा व मसाल्याचा स्वाद असतो आणि वर फक्त साखर भुरभुरतात. मात्र बिस्किटावर चढवण्याचा लेप इंग्लंडच्या केकपरंपरेचाच वारस आहे. एलिझाबेथ रॅफल्ड या मँचेस्टरच्या व्यावसायिक स्त्रीने १७६९ साली प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर पांढऱ्या साखरेचा थर देण्याची कृती आहे. या पांढऱ्या थराला पुढे ‘रॉयल आयसिंग’ हे नाव रूढ झाले. व्हिक्टोरिया राणीच्या १८४० सालच्या विवाहाच्या केकशी ते नाव लोकांच्या मनात कायमचे जोडले गेले आहे. साखर महाग होती तोवर अशी पांढरीशुभ्र नक्षी ही श्रीमंतीची निशाणी होती. एकोणिसाव्या शतकात बीटापासून साखर काढणारे कारखाने युरोपभर उभे राहिले, साखर स्वस्त झाली आणि ही नक्षी सामान्यांच्या ताटात उतरली.

चेक लोकांनी तिला वेगळ्याच उंचीवर नेले. त्यांच्याकडे मधाच्या व मसाल्याच्या तपकिरी बिस्किटांवर केवळ पांढऱ्या लेपाने, केसासारख्या बारीक रेषांत जाळी, फुले आणि ठिपके काढतात. ईस्टरला त्यांचा आकार अंड्याचा असतो आणि नक्षी त्यांच्याकडच्या रंगवलेल्या अंड्यांवरील लोककलेशी नाते सांगणारी असते. एकच रंग, एकच जाडीची रेषा. सात-आठ रंगांच्या अमेरिकी सशापेक्षा ते अधिक देखणे दिसते, असे मत नोंदवण्यास हरकत नसावी. पोलंडमध्ये तर ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेल्या जाणाऱ्या टोपलीत निव्वळ साखरेचे कोकरू ठेवण्याची प्रथा आहे.

साखरेचा अलंकार मराठी वाचकाला नवा नाही. संक्रांतीला हलव्याचे दागिने घडवणारा आणि पाडव्याच्या गुढीला साखरगाठी बांधणारा हा प्रदेश आहे. योगायोग असा, की हे सण पंचांगातही शेजारी राहतात. २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा पाश्चात्त्य चर्चचा ईस्टर. ही पौर्णिमा बहुधा चैत्री पौर्णिमाच असते. २०२५ मध्ये हनुमान जयंती १२ एप्रिलला आणि ईस्टर २० एप्रिलला होता. २०२४ मध्ये मात्र होळीची पौर्णिमा हिशेबात आली आणि ईस्टर ३१ मार्चलाच आटोपला. गाठी आणि आयसिंग यांतला फरक पाकाचा आहे. गाठीसाठी साखरेचा कडक पाक उकळून साच्यात ओततात आणि तो निवताना घट्ट होतो. आयसिंगला आच लागतच नाही. ते पाणी उडून गेल्याने घट्ट होते. पाकात हात मुरलेल्या सुगरणीचीही पहिल्या खेपेस फसगत होते, ती यामुळेच.

फुगू नये, असे बिस्किट

नानकटाई भट्टीतून बाहेर येते तेव्हा फुगलेली आणि भेगाळलेली असते. तेच तिचे रूप. नक्षीच्या बिस्किटाकडून नेमकी उलट अपेक्षा असते. ते पसरू नये, फुगू नये, त्याला भेग पडू नये आणि सशाचे कान भट्टीत जाताना जेवढे टोकदार होते तेवढेच बाहेर येताना राहावेत. म्हणून त्यात बेकिंग पावडर घालत नाहीत किंवा नाममात्र घालतात. साखरही बेताची ठेवतात, कारण भट्टीत साखर वितळली की बिस्किट पसरते.

सुमारे तीस मध्यम आकाराच्या बिस्किटांसाठी २२५ ग्रॅम लोणी, १५० ग्रॅम पिठीसाखर, एक अंडे, दीड चमचा व्हॅनिला अर्क आणि ३७५ ग्रॅम मैदा हे प्रमाण विश्वासाचे आहे. बाजारात सहज मिळणारे पिवळे लोणी खारे असते. ते वापरल्यास वेगळे मीठ घालू नये. घरी कढवण्यासाठी काढलेले लोणी येथे उपयोगाचे नाही. त्यात पाण्याचा अंश बराच असतो आणि बिस्किट चिवट होते. लोणी व साखर एकत्र होईपर्यंतच फेटावीत. केकसारखे हलके होईस्तोवर फेटल्यास त्यात हवा भरते आणि तीच हवा पुढे बिस्किटाच्या पृष्ठभागावर फोड होऊन उगवते. अंडे न खाणाऱ्यांनी त्याऐवजी तीन मोठे चमचे दूध घालावे. चवीत फरक पडतो, आकारात फारसा नाही.

गोळा दोन बटर पेपरमध्ये ठेवून लाटावा, म्हणजे वरून मैदा लावावा लागत नाही. जाडी सहा मिलिमीटर. ती सगळीकडे सारखी राहावी यासाठी दोन्ही बाजूंना तेवढ्याच जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवण्याची युक्ती बेकर मंडळी वापरतात; पोळीसारखे मध्ये जाड व कडेला पातळ लाटून चालत नाही. साच्याने आकार कापल्यावर ट्रेसह अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावे. एप्रिलमधील महाराष्ट्रात ही पायरी गाळणाऱ्याचा ससा भट्टीत अस्वल होतो. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सिअसवर दहा ते बारा मिनिटे भाजावे आणि कडा किंचित सोनेरी दिसताच काढावे. वर फुगवटा आलाच असेल, तर बिस्किट गरम असतानाच सपाट बुडाच्या वाटीने अलगद दाबावा. त्यानंतर पूर्ण निवेपर्यंत वाट पाहावी. कोमट बिस्किटावर लेप दिला, तर लोण्याचा तेलकट डाग दुसऱ्या दिवशी नक्षीतून वर येतो आणि त्यावर उपाय नाही.

लेपाची घनता

पारंपरिक रॉयल आयसिंगमध्ये तीनच गोष्टी असतात. ५०० ग्रॅम पिठीसाखर, साधारण तीन अंड्यांचा पांढरा बलक आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब. बलकातील प्रथिने फेटल्यावर उलगडतात, हवेचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवतात आणि साखरेच्या कणांभोवती जाळे विणतात. लिंबाची आम्लता हे जाळे सावरते. पाणी उडून गेले की साखरेचे बारीक स्फटिक त्या जाळ्यात अडकून राहतात आणि लेप पांढरा, अपारदर्शक व टणक होतो. या जाळ्याचा मोठा शत्रू स्निग्धांश. भांड्याला तुपाचा हात लागला असेल, तर बलक फुगत नाही. प्लॅस्टिकच्या भांड्याला तेलाचा ओशटपणा चिकटून राहतो, म्हणून काचेचे वा स्टीलचे भांडे घ्यावे.

पिठीसाखर घरी मिक्सरमध्ये केली तर चालते, पण ती दोनदा बारीक चाळणीने चाळावी लागते. एखादा जाड कण नोझलच्या तोंडात अडकला की रेषा तुटते आणि नेमकी ससुल्याच्या डोळ्यावर येऊन तुटते. बाजारातील आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडे कॉर्नफ्लॉअर मिसळलेले असते. घरच्या साखरेत तेच काम एक-दोन चमच्यांनी होते.

खरी कसोटी घनतेची. कडेची रेषा काढण्यासाठी लेप घट्ट लागतो, इतका की चमचा उचलल्यावर त्याचे टोक किंचित वाकून उभे राहावे. आतला भाग भरण्यासाठी तोच लेप थेंब थेंब पाण्याने सैल करतात. किती सैल, याचे माप कारागीर सेकंदांत सांगतात. लेपाच्या पृष्ठभागावर सुरीने एक रेघ ओढायची आणि ती मिटेपर्यंत मोजायचे. दहा ते पंधरा सेकंदांत रेघ नाहीशी झाली तर भरण योग्य. पाचातच मिटली तर लेप कडेवरून ओघळेल. वीस उलटूनही दिसत राहिली तर पृष्ठभाग खडबडीत वाळेल. पाणी एक थेंब जास्त पडले तरी गणित बिघडते, आणि मग पुन्हा साखर, पुन्हा पाणी असे करता करता भांडे भरून वाहू लागते.

कोन आणि टाचणी

लेप भरण्यासाठी पाश्चात्त्य देशांत कापडी वा प्लॅस्टिकची पिशवी आणि धातूचे नोझल वापरतात. मेंदीचा कोन वळता येणाऱ्या हाताला त्यांची गरज नाही. सेलोफेन वा बटर पेपरचा तसाच कोन वळून टोक बारीक कापले की झाले. हात स्थिर ठेवण्याची, दाब सारखा ठेवण्याची आणि रेषा बिस्किटाला न टेकता किंचित वरून सोडण्याची सवयही तीच.

आधी कडेने रेषा, ती जरा सुकल्यावर आतले भरण, मग टाचणीने वा टूथपिकने लेप कोपऱ्यांपर्यंत ओढणे आणि वर आलेले बुडबुडे फोडणे, असा क्रम असतो. भरण ओले असतानाच दुसऱ्या रंगाचे ठिपके टाकून त्यांतून टाचणी फिरवली तर हृदयाचे, पानांचे आकार आपोआप उमटतात. रांगोळीत ओल्या रंगात काडी फिरवावी तसे. ठसठशीत डोळे, नाक, पिसे यांसाठी मात्र पहिला थर पूर्ण सुकावा लागतो. एका बिस्किटावर चार-पाच रंग असतील, तर प्रत्येक टप्प्यामागे विश्रांती येते आणि शनिवारी पुरे करायचे काम गुरुवारीच सुरू करावे लागते.

उन्हात न घालायचे वाळवण

चैत्र म्हणजे महाराष्ट्रात वाळवणाचे दिवस. कुरडया, पापड, सांडगे गच्चीवर पसरले जातात. आयसिंग हेही एक वाळवणच, पण त्याला ऊन चालत नाही. उन्हात बिस्किटातील लोणी पाझरते आणि रंग उडतो. त्याला हवी सावली, कोरडी हवा आणि आठ ते बारा तासांचा वेळ.

कोरडी हवा हीच मुंबईची अडचण. एप्रिलमध्ये समुद्राकाठच्या शहरांत सकाळी हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या आसपास वा त्याहून वर असते. अशा हवेत लेपातील पाणी बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात गडद रंग शेजारच्या पांढऱ्या भागात झिरपतो, बारीक जागांतील लेप खचून खळगे पडतात आणि वर चिकटपणा राहतो. पंख्याखाली ठेवल्यास पृष्ठभागावर लवकर साय धरते व चमकही टिकते. वातानुकूलित खोलीत तर निम्मी चिंता मिटते, कारण ते यंत्र हवेतील बाष्पही काढून घेते. लवकर वाळावे म्हणून फ्रिजमध्ये ठेवणे हा मात्र हमखास फसणारा उपाय. बाहेर काढताच थंड पृष्ठभागावर दव जमते आणि सारे रंग एकमेकांत मिसळतात.

विदर्भात नेमके उलटे घडते. नागपूरच्या दुपारच्या कोरड्या हवेत लेप इतक्या झपाट्याने सुकतो की भांड्यातच त्यावर पापुद्रा धरतो आणि कोनाचे तोंड बंद होते. तेथे लेपाचे भांडे ओल्या फडक्याने झाकून ठेवावे लागते. लाटण्याचे काम मात्र पहाटे उरकणे बरे, कारण चाळीस अंशांत लोणी हाती लागत नाही.

रंगांचा प्रश्न

या साऱ्या कलाकुसरीत खऱ्या काळजीची बाब रंगांची आहे. भाजलेल्या बिस्किटात रंग असतो तो मैद्याचा. लेपात तो बाटलीतून येतो, तो मुख्यतः मुलांच्या पोटात जातो आणि लेप शिजवला जात नसल्याने जसाच्या तसा जातो. भारतात खाद्यपदार्थांत आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. लाल रंगासाठी पॉन्सो ४ आर, कार्मोइसिन व एरिथ्रोसिन. पिवळ्यासाठी टार्ट्राझिन व सनसेट यलो. निळ्यासाठी इंडिगो कार्माइन व ब्रिलियंट ब्लू. आणि हिरव्यासाठी फास्ट ग्रीन. त्यांचे प्रमाणही सर्वसाधारणपणे एक किलो पदार्थात १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ईस्टरच्या फिकट छटांना एवढा रंग पुरेसा असतो. भडक लाल व काळ्या रंगांच्या बाबतीत मात्र हात सैल सुटतो. लेप सुकताना रंग एक छटा गडद होतो, हे लक्षात ठेवून ओला असताना तो अपेक्षेहून फिकटच ठेवावा, असे जाणकार सांगतात ते दोन्ही दृष्टींनी योग्य आहे.

नियमबाह्य रंगांची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर. कापड रंगवण्यासाठी वापरला जाणारा रोडामाइन-बी हा झगझगीत गुलाबी रंग ‘बुढ्ढी के बाल’च्या नमुन्यांत आढळल्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने त्या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकने कृत्रिम रंगांच्या बुढ्ढी के बालवर बंदी आणली. तोही साखरेचाच पदार्थ होता आणि त्याचेही गिऱ्हाईक मुलेच होती. सुट्ट्या पुडीतून मिळणारा, वेष्टनावर परवाना क्रमांक व रंगाचे नाव नसलेला रंग म्हणूनच घरात आणू नये.

चमकीच्या पुडीबाबत तर अधिकच सावध राहावयास हवे. केकसाहित्याच्या दुकानांत सोनेरी-रुपेरी चमक देणारी चूर्णे मिळतात. काहींवर ‘खाण्यायोग्य’ असे लिहिलेले असते, काहींवर केवळ ‘नॉन-टॉक्सिक’. दोन्हींचा अर्थ एकच असावा असा समज होतो आणि तो घातक आहे. नॉन-टॉक्सिक म्हणजे हाताळल्यास अपाय नाही, एवढेच. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दोन घटना नोंदवल्या आहेत. ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाल्लेल्या सहा मुलांना उलट्या झाल्या; केकवरील गुलाबी-सोनेरी चमक प्रत्यक्षात तांब्याची पूड निघाली. मिसुरी राज्यात २०१९ मध्ये एक वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसे आढळले आणि त्याचा माग घरी केलेल्या केकवरील पिवळ्या चूर्णापर्यंत गेला. त्या चूर्णात सुमारे एक चतुर्थांश शिसे होते. आपल्याकडे मागणीप्रमाणे घरपोच येणाऱ्या बिस्किटांवरील चमक कोणत्या डबीतली, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

घरगुती रंगांना मर्यादा आहेत. बीटाचा रस लेपात पाणी वाढवतो, म्हणून बीटाची कोरडी पूड बरी. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, पण उजेडात उडतो. तेलात कालवलेले चॉकलेटचे रंग येथे चालतच नाहीत. तेलाने लेपाचे जाळे मोडते.

कच्च्या बलकाचा पेच

रंगांइतकाच दुसरा प्रश्न अंड्याचा. लेपातील बलक कच्चा असतो आणि कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूची बाधा होऊ शकते. निरोगी प्रौढाला काही दिवसांच्या पोटदुखीवर भागेल; लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यासाठी ती जोखीम घेण्याजोगी नाही. म्हणून आता व्यावसायिक बेकर बलकाऐवजी मेरिंग पावडर वापरतात. ही उष्णतेची प्रक्रिया करून वाळवलेल्या बलकाची पूड असते. साडेचारशे ग्रॅम पिठीसाखरेला तीन मोठे चमचे पूड आणि पाच-सहा मोठे चमचे पाणी पुरते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट परिसरातील केकसाहित्याच्या दुकानांत ती मिळते, पुण्यातही मिळते. किंमत पाहून अंड्याची आठवण येते, ही गोष्ट खरी.

शाकाहारी घरांसाठी एक पर्याय अलीकडचा आहे. काबुली चणे शिजवलेले घट्टसर पाणी बलकासारखे फेसाळते, हा शोध २०१४-१५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील हौशी स्वयंपाक्यांना लागला. साधारण तीन मोठे चमचे पाणी म्हणजे एक अंडे, असा हिशेब धरतात. हे आयसिंग टणक वाळते, रेषाही नीट धरते आणि चण्याचा वास वाळल्यावर जाणवत नाही. चणे मिठाशिवाय शिजवावेत एवढेच पथ्य. दुसरा मार्ग जुना व सोपा. पिठीसाखर, दूध आणि चमचाभर लिक्विड ग्लुकोज. त्याला चमक सुरेख येते, पण ते पूर्ण टणक होत नाही आणि बिस्किटे एकावर एक रचता येत नाहीत.

साखरेचा हिशेबही मांडून पाहावा. ५०० ग्रॅम साखरेचा लेप तीस बिस्किटांवर चढला, तर एकेका बिस्किटाच्या केवळ पाठीवर सोळा-सतरा ग्रॅम, म्हणजे चार छोटे चमचे साखर असते. आतली पाच ग्रॅम वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये प्रौढांसाठी सुचवलेली दिवसाची इष्ट मर्यादा सुमारे पंचवीस ग्रॅमची आहे. एका सशात ती जवळजवळ संपते.

वांद्रे, वसई आणि गोव्याचे अंडे

मुंबईतील ईस्ट इंडियन समाज, वसईतील ख्रिस्ती कुटुंबे आणि गोवेकर यांच्या ईस्टरमध्ये नक्षीचे बिस्किट हे नवागतच. त्यांचे मानाचे स्थान मार्झिपानच्या अंड्याकडे आहे. बदाम महाग म्हणून येथे काजूची पूड वापरण्याची रीत पडली. ती साखर व बलकाबरोबर शिजवून, मळून, साच्यात दाबून अंड्याचे दोन अर्धगोल करतात आणि ते जोडतात. हा सांधा झाकण्यासाठी त्यावर रॉयल आयसिंगची वेलबुट्टी काढतात. फुले, पाने, कधी पिवळे पिल्लू. म्हणजे बिस्किट जरी नवे असले, तरी त्यावरची नक्षी इथल्या बेकरीवाल्यांच्या हातात फार आधीपासून आहे. वांद्र्याच्या बेकऱ्यांत ईस्टरच्या आठवड्यात पारदर्शक कागदात गुंडाळलेली अशी अंडी मांडलेली दिसतात. बिस्किटावर पहिल्यांदाच हात चालवू पाहणाऱ्याने ती जवळून न्याहाळावीत. पाकळी काढताना दाब कुठे वाढवला आणि कुठे सोडला, हे त्या अंड्यावर स्पष्ट वाचता येते.

वाळलेल्या बिस्किटांची साठवण सोपी आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन थरांमध्ये बटर पेपर घालून ती आठवडा-दहा दिवस खुसखुशीत राहतात. मुंबईच्या हवेत डबा वारंवार उघडू नये. भेट द्यायची असतील तर लेप पूर्ण वाळल्याची खात्री करूनच पिशवीत बंद करावीत. आतून किंचित ओला राहिलेला लेप पिशवीला चिकटतो आणि मग रविवारी सकाळी सशाचा चेहरा पिशवीवर व धड बिस्किटावर राहते.